एक पॉइंट नऊ

बटण दाबलं की नुसतं टक्.
पुन्हा टक्.
हाडोळतीच्या अलीकडं, रात्री दीड वाजता,
अडलेल्या म्हशीकडं निघालेल्या माणसाला
हे टक् कसं ऐकू येतं
ते मी मखदूम मिस्त्रीला सांगत होतो.
किक मारली की चालू होते, दिवा झक्क पडतो,
सकाळी पुन्हा मुकी.
वर्षात दोन बॅटऱ्या खाल्ल्या हिनं,
तिसरीचा विसार देऊन आलोय.

अहमदपूरच्या जुन्या बसस्टँडमागं, पत्र्याच्या सावलीत
मिस्त्री स्टुलावर बसलेला,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, घट्ट दह्यासारखा.
हात मात्र वायरिंगमध्ये असे फिरत होते
जसा माझा फिरतो, आडव्या आलेल्या वासराचा पाय शोधत,
खांद्यापर्यंत आत, नजर भलतीकडंच.

"तू जनावरांचा डॉक्टर ना?
मग ताप न बघता सुई टोचतूस का?"
आणि मीटरच्या दोन काड्या व्यंकटीच्या हातात दिल्या.
"वाच."

व्यंकटी बारावी नापास. आकडे मात्र पाढ्यासारखे म्हणतो.
"गाडी बंद. बारा पॉइंट चार."
"चालू कर. पीळ."
"बारा पॉइंट पाच. चढंना, मिस्त्री."
"चौदाच्या वर पाहिजे व्हतं."
मी लगेच म्हणालो, कॉइल गेली असंल.
नाहीतर रेक्टिफायर. लातूरला मिळतोय, अठराशेला.
मिस्त्री हसला, माझ्या थोडं डावीकडं बघून.
"नाव घेतलं की रोग बरा व्हतोय का?"

तीन पिवळ्या वायरी सोडवल्या.
"पहिली-दुसरी?"
"बावन्न."
"दुसरी-तिसरी?"
"त्रेपन्न."
"पहिली-तिसरी?"
"बावन्नच."
"तिघी बहिणी धडधाकट हैत. ह्यांच्यावर आळ घेऊ नको."

परत जोडल्या. रेक्टिफायरच्या तोंडाशी काड्या धरल्या:
चौदा पॉइंट चार.
हातभर अंतरावर, बॅटरीपाशी: साडेबारा.
मिस्त्रीनं मान कलती केली,
लांबून येणारी गाडी ओळखावी तशी.
"दिवा झक्क म्हणालास ना?
दिव्याला मिळालंय, बॅटरीला मिळंना.
मंजे जाणारं पोचालंय, परत येणारं अडलंय.
काळी वायर बघ रे."

एक काडी बॅटरीच्या उण्यावर,
दुसरी इंजिनाच्या उघड्या बोल्टावर.
इथं शून्याच्या आसपास हवं.
"एक पॉइंट नऊ," व्यंकटी म्हणाला
आणि पत्र्याखाली कुणीच बोललं नाही.
शेजारच्या रसवंतीची घुंगरं तेवढी वाजत होती.

"अर्थ लागंना गेलाय," मिस्त्री म्हणाला.
"रंग कधी दिलता?"

गेल्या पोळ्याला.
शिंगं रंगवावीत तशी मीच रंगवली होती चेसी,
मोरपंखी निळी, नटासकट, बोल्टासकट,
आणि टाकीखालची ती रुपयाएवढी जागाही
जिथं काळ्या वायरीला नागडं लोखंड लागतं.
लोक वळून बघायचे. मलाही बरं वाटायचं.
दोन बॅटऱ्या त्या निळ्याशेजारी
भरल्या घरात उपाशी मेल्या.

दहाचा पाना. पॉलिश पेपर. एक फुंकर.
मिस्त्रीनं अंगठा फिरवला.
"गार लागालंय. आता आवळ. वाच."
"शून्य पॉइंट शून्य तीन."
"बॅटरी?"
"चौदा पॉइंट दोन."
"हौ," एवढंच.

मी विचारलं, वरून रंगाचा एक हात मारू का?
"व्हॅसलीन लाव. तेवढं उघडं राहू दे."

चाळीस रुपये झाले. त्यातले दहा व्यंकटीच्या चहाला.
पैसे मोजतानाच फोन आला:
म्हैस व्यालीय, पण जार पडंना, लवकर या.
बटणाला नुसतं बोट लावलं.

विसाराचे पाचशे दुकानदार परत देणार नाही,
हे शिरूर फाट्याच्या पुढं गेल्यावर आठवलं.